सहा डिसेंबरला आपलीच वेबसाइट का बंद पडते?



दोन वर्षांपूर्वीच्या महापरिनिर्वाण दिनासाठी आम्ही पाच हजार पत्रके छापली होती. एका बाजूला बौद्ध विद्यार्थ्यांनी जातीच्या दाखल्यासाठी कोणती कागदपत्रे जोडायची, स्वाधार योजनेचा लाभ कोणाला, महाडीबीटीवरचा अर्ज कुठे अडकतो, याची थोडक्यात माहिती होती. दुसऱ्या बाजूला मोठा क्यूआर कोड आणि खाली ‘सविस्तर माहिती आमच्या वेबसाइटवर’. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवर वाटप सुरू केले. रात्री नऊच्या सुमारास परभणीहून आलेल्या एका मुलाने मोबाईल माझ्यासमोर धरला. “ताई, हे उघडतच नाही.” पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती : ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड.

आधी वाटले, मैदानात गर्दी आहे, नेटवर्क नसेल. पण पुण्यात घरी बसलेल्या कार्यकर्त्यालाही तेच दिसत होते. होस्टिंग कंपनीच्या चॅटवर बोललो. उत्तर आले, तुमचा प्लॅन अपग्रेड करा. तो प्लॅन आमच्या प्लॅनच्या चौपट किमतीचा, आणि तोही एकदम तीन वर्षांचे पैसे भरून. खजिनदार त्या वेळी चैत्यभूमीच्या रांगेत उभे, त्यांचा फोन लागेना. साइट ७ तारखेच्या दुपारी आपोआप सुरू झाली. तोपर्यंत आमची माणसे परतीच्या गाडीत बसली होती.

हा अनुभव फक्त आमच्या संस्थेचा नाही. गेल्या दोन वर्षांत ज्या ज्या मंडळांशी, वाचनालयांशी, विद्यार्थी संघटनांशी या विषयावर बोलले, त्यांतल्या बहुतेकांनी हीच रड सांगितली. आणि प्रत्येकाने त्यावर काढलेला उपाय एकच : पुढच्या वर्षी मोठा प्लॅन घेऊ, त्यासाठी वर्गणी काढू. माझा विरोध या उपायाला आहे. चळवळीचा पैसा असा घालवणे चूक आहे, आणि घालवूनही प्रश्न सुटत नाही.

आधी आपली गरज नेमकी काय ते पाहू. आमची साइट एरवी दिवसाला शंभर-दीडशे लोक बघतात. पण आपल्या समाजाचे कॅलेंडर वेगळे आहे. १ जानेवारी, ३ जानेवारी, १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, विजयादशमी, ६ डिसेंबर. या दिवसांत तीच साइट काही तासांत हजारो लोक उघडतात. शिवाय काही दिवस असे, जे कॅलेंडरमध्ये लिहिलेले नसतात. २०२४ च्या १ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल दिला. त्या दिवशी निकालात नेमके काय म्हटले आहे हे मराठीत, शांतपणे समजावून सांगणारे पान लोकांना हवे होते. फिरत काय होते, तर व्हॉट्सॲपवरचे अर्धे खरे, अर्धे भडकवणारे मजकूर. अशा दिवशी आपले पान बंद असेल तर त्याची जागा दुसऱ्याचे पान घेते.

समाजशास्त्राच्या वर्गात शिकलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते : सरासरी माणसाला फसवते. वर्षाची सरासरी काढली तर आमच्या साइटला सर्वांत स्वस्त होस्टिंगही जास्तच आहे. आणि ६ डिसेंबरच्या रात्री नऊचा आकडा धरला तर मधला प्लॅनही अपुरा. एका दिवसाच्या सभेसाठी आपण दहा हजार खुर्च्यांचे सभागृह विकत घेत नाही, मांडव घालतो. मग वेबसाइटच्या बाबतीत वर्षभराचे सभागृह का घ्यायचे?

आता ‘अनलिमिटेड’ या शब्दाकडे वळू. स्वस्त होस्टिंगच्या जाहिरातीत जागा अनलिमिटेड, बँडविड्थ अनलिमिटेड असे मोठ्या अक्षरांत असते. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एकाच यंत्रावर शेकडो साइट्स, एका चाळीतल्या एका नळासारख्या. एकाने नळ सोडून ठेवला तर बाकीच्यांचे हाल होतात, म्हणून कंपनी प्रत्येकाला मर्यादा घालते. ही मर्यादा जागेची किंवा बँडविड्थची नसतेच. ती असते एका क्षणी किती प्रक्रिया चालू शकतात याची, आणि ती अटींच्या पानावर बारीक अक्षरांत सापडते. आमच्या प्लॅनमध्ये हा आकडा २० होता. आमची वर्डप्रेसची साइट एक पान तयार करायला सुमारे दोन सेकंद घेत होती. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त दहा पाने. गर्दी वाढली की यंत्र दमते, दोनाचे चार सेकंद होतात, मग सेकंदाला पाचच पाने. लोकांना पान दिसत नाही, ते पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतात, गर्दी आणखी वाढते. ५०८ ची ती पाटी इथून आली.

पण पान तयार करायला दोन सेकंद लागतातच कशाला? शिष्यवृत्तीची माहिती देणारे पान सकाळी जे होते तेच संध्याकाळी असते. ते प्रत्येक माणसासाठी नव्याने का रांधायचे?

६ डिसेंबरला दादरला जे भोजनदान होते ते आठवा. रांगेतल्या प्रत्येक माणसासाठी वेगळी भाकरी थापत बसलो तर शंभर माणसेही जेवणार नाहीत. आपले कार्यकर्ते रात्रीच पाकिटे बांधून ठेवतात. माणूस आला की पाकीट हातात. वेबसाइटच्या भाषेत या बांधलेल्या पाकिटाला कॅशे म्हणतात. वर्डप्रेससाठी डब्ल्यूपी सुपर कॅशे, लाइटस्पीड कॅशे अशी फुकट प्लगिन आहेत. ती एकदा बनलेले पान बांधून ठेवतात आणि पुढच्या माणसाला तेच देतात. दोन सेकंदांचे काम सेकंदाच्या छोट्याशा अंशात होते. आणि पाकिटे एकाच ठिकाणी न वाटता दादर स्टेशनपासून शिवाजी पार्कपर्यंत ठिकठिकाणी स्टॉल लावले, की ते झाले सीडीएन. क्लाउडफ्लेअरची यासाठीची साधी सेवा मोफत आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, आम्ही इथेच फसलो होतो : ती सेवा चालू केल्यावर फोटो आणि सजावटीच्या फायली आपोआप बांधल्या जातात, पण मुख्य पान म्हणजे एचटीएमएल बांधले जात नाही. त्यासाठी वेगळा नियम हाताने घालावा लागतो. तो घातला नाही तर गर्दी पुन्हा त्याच एका नळावर.

याच्याही पुढे जाता येते. ज्या साइटवर लेख, माहिती आणि फोटोच आहेत, तिला वर्डप्रेस लागतच नाही. ह्युगो किंवा जेकिलसारख्या साधनाने सगळी पाने आधीच तयार करून ठेवायची आणि गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर ठेवायची. गिटहब पेजेसवर साइटचा आकार एक जीबीपर्यंत आणि महिन्याला सुमारे शंभर जीबीची वाहतूक चालते. पान अर्ध्या एमबीचे असेल तर हा हिशेब दोन लाख वेळा पान उघडण्याचा होतो. क्लाउडफ्लेअर पेजेसवर अशा तयार पानांच्या वाहतुकीला मर्यादा नाही, फक्त एक फाइल २५ एमबीपेक्षा मोठी चालत नाही. दोन्हीकडे होस्टिंगचा खर्च शून्य. खर्च राहतो तो डोमेनचा.

पान अर्ध्या एमबीचे असेल तर, असे मी म्हटले. आपली पाने अर्ध्या एमबीची नसतात, आणि इथे थोडे कटू बोलते. मराठीतला दीड हजार शब्दांचा लेख युनिकोडमध्ये जेमतेम तीस केबी भरतो. कॅमेऱ्यातून काढून तसाच चढवलेला फोटो सहा एमबीचा असतो. म्हणजे एका फोटोच्या जागेत दोनशे लेख. आणि हा फोटो कशाचा? मुखपृष्ठावर सरकणाऱ्या पट्टीत अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, मार्गदर्शक, वाढदिवसाच्या शुभेच्छा. चौकातल्या फ्लेक्सची सवय आपण वेबसाइटवर आणली आहे. परभणीच्या त्या मुलाच्या डेटा पॅकमधून आधी आमच्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे उतरत होते, मग जमले तर शिष्यवृत्तीची माहिती. आमच्या बैठकीत ही पट्टी काढायचा ठराव मांडला तेव्हा होस्टिंग बदलण्यापेक्षा जास्त वेळ त्यावर वाद झाला. खाली ‘आतापर्यंत इतक्या लोकांनी भेट दिली’ असा आकडा होता, त्याचेही तेच. ज्येष्ठांना त्याचा अभिमान. पण प्रत्येक भेटीला तो आकडा डेटाबेसमध्ये लिहिला जायचा, म्हणजे गर्दीच्या रात्री सर्वांत जास्त ओझे त्या अभिमानाचे होते. शेवटी दोन्ही काढले.

आयटीत नोकरी करणारे आपले काही मित्र सांगतात, क्लाउड घ्या, गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतो. खरे आहे. बिलही आपोआप वाढते. आणि ते एखाद्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या कार्डावर येते. कोणी मुद्दाम खोटी गर्दी पाठवली तरी येते. खर्चाची सूचना देणारी सोय असते, पण सूचना म्हणजे थांबवणे नव्हे. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने ज्याचा आकडा आधी माहीत नाही अशा बिलावर सही करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. साइट एक रात्र बंद पडली तर नुकसान आहे. पण कार्यकर्त्याच्या घरात त्या बिलावरून भांडण लागले तर तो माणूसच चळवळीतून जातो.

व्हीपीएस हा मधला मार्ग अनेकजण सुचवतात. महिन्याचे पैसे ठरलेले असतात, हे चांगले. पण त्या यंत्राची डागडुजी, सुरक्षेचे अपडेट्स, बॅकअप सगळे आपल्यावर. हे नियमित करणारा माणूस तुमच्याकडे असेल तरच घ्या. “रविवारी बघतो” म्हणणारा असेल तर घेऊ नका.

आता सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप. वेबसाइट हवीच कशाला? फेसबुक पेज आहे, यूट्यूब आहे, व्हॉट्सॲपचे तीस ग्रुप आहेत. ही माध्यमे वापरावीत, मीही वापरते. व्हिडिओ तर यूट्यूबवरच ठेवावेत, स्वतःच्या होस्टिंगवर चढवू नयेत. पण शंभर लोकांनी मिळून रिपोर्ट केले की पेज बंद होऊ शकते, आणि मग आपण कोणाकडे दाद मागायची? ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. दुसऱ्याच्या पानावर आपल्याला जागा मिळेल की नाही हे दुसरा ठरवतो, हा धडा आपल्याला १९२० मध्येच मिळाला आहे. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्यानंतर ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’. पैशांअभावी एक पत्र बंद पडले की बाबासाहेब दुसरे उभे करत, पण पत्र आपलेच हवे हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

इथे कोणी मला पकडेल : मग गिटहब आणि क्लाउडफ्लेअर तरी कुठे आपले? बरोबर. त्याही परदेशी कंपन्याच आहेत, मोफत सेवा उद्या बंद करू शकतात. फरक एवढाच की तयार पानांची साइट म्हणजे शेवटी एक फोल्डर असते. ते पेनड्राइव्हवर मावते. आज इथे बंद झाले तर उद्या दुसरीकडे ठेवता येते, पत्ता तोच राहतो, वाचकाला कळतही नाही. फेसबुक पेजबाबत हे करता येत नाही. छपाई भाड्याच्या यंत्रावर केली तरी चालेल, खिळे आणि मजकूर आपल्या ताब्यात हवा.

म्हणूनच माझ्या दृष्टीने होस्टिंगपेक्षा डोमेन महत्त्वाचे. आणि नेमके तेच आपल्याकडे कोणाच्या तरी पुतण्याच्या नावावर असते. तो पुतण्या बंगळुरूला जातो, ईमेल बदलतो, नूतनीकरणाची सूचना त्या जुन्या ईमेलवर येत राहते, आणि एक दिवस संस्थेचे नाव दुसऱ्याच्या हातात. मला अशी तीन उदाहरणे माहीत आहेत, त्यांतल्या एका पत्त्यावर आज जुगाराची जाहिरात दिसते. डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर घ्या. पासवर्ड किमान दोघांकडे असू द्या, आणि त्या दोघांत एक बाई असावी असा माझा आग्रह आहे, कारण आपल्याकडे पुरुष कार्यकर्त्यांची भांडणे झाली की पासवर्ड आधी बदलले जातात. डोमेन आणि होस्टिंग वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवा, म्हणजे एकाशी वाद झाला तरी दुसरे अडकत नाही. पहिल्या वर्षाची किंमत बघून भुलू नका, नूतनीकरणाची किंमत विचारा, वर १८ टक्के जीएसटी धरा. एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे पैसे कोणी मागत असेल तर देऊ नका, लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र मोफत मिळते.

आम्ही गेल्या वर्षी जुलैमध्ये साइट बदलली. तीन मुले आणि दोन मुली, सगळी कॉलेजातली, चार रविवार बसली. जुने लेख श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणण्यातच दोन रविवार गेले. नोंदणीचा अर्ज साइटवरून काढून गूगल फॉर्मवर नेला. नोव्हेंबरच्या शेवटी एका रात्री ठरवून तीनशे जणांना एकाच वेळी साइट उघडायला सांगितले. एक पान अडकले, ते दुरुस्त केले. ६ डिसेंबरला साइट दिवसभर चालू होती. पत्रकावर यावेळी क्यूआर कोडखाली कागदपत्रांची पूर्ण यादीही छापली, कारण मैदानात मोबाईलला नेटवर्कच नसते, आणि त्यावर कोणत्याही होस्टिंगचा इलाज नाही.

होस्टिंगचे वाचलेले पैसे त्या जादा छपाईला गेले. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख आता बैठकीच्या इतिवृत्तात पहिल्या पानावर लिहिलेली असते. ज्या संस्थांना आपली साइट अशी हलवायची आहे त्यांनी आमच्या रविवारच्या बैठकीला यावे, सोबत डोमेन कोणाच्या नावावर आहे एवढे शोधून आणावे. बऱ्याच जणांना तेच शोधायला महिना लागतो.