पादचाऱ्याची भरपाई ही मेहेरबानी नव्हे



‘बेफिकीर चालणाऱ्यांना भरपाई कशाला?’ हा काही पत्रलेखकांचा सवाल कायद्याला धरून नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागताना चालकाची चूक सिद्धच करावी लागत नाही. कलम 166 खाली जास्त रक्कम मागितली, तर पादचाऱ्याच्या हलगर्जीपणाच्या प्रमाणात ती घटते. हक्क बुडत नाही. शिवाय अकोला-नांदेड महामार्गालगत शेताकडे निघालेल्या माणसाला पदपथच नसेल, तर त्याने चालायचे कुठून?

ठोकर देऊन वाहन पळाले तरी 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूसाठी 2 लाख, गंभीर जखमीसाठी 50 हजारांची तरतूद आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. पोलिसांची नोंद आणि वैद्यकीय कागद तपासूनच पैसे मिळतात, त्यामुळे खोट्या दाव्यांची भीती अवाजवी आहे. उलट खऱ्या हक्कदारांपर्यंत ही माहितीच पोचत नाही, याचा संताप यायला हवा. महिनाभरात वाहनाचा माग लागला नाही, तर पोलिसांनी जखमींना किंवा वारसांना या भरपाईची लेखी माहिती द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्येच बजावले आहे. औंढा, सेनगाव, वसमत, कळमनुरी, हिंगोली या तालुक्यांत अशी किती पत्रे दिली गेली, ते पोलिस दलाने ठाणेनिहाय जाहीर करावे.

– एक वाचक, हिंगोली