आता पुढे नाही



इंदूरला आमच्या गच्चीवरून दुपारी घारी दिसतात. पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढत जातात. त्यांना वर नेते ती तापलेली हवा, हे साठी उलटल्यावर मला लेकीनं शिकवलं. ती जर्मनीत असते आणि सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवते, म्हणजे इंजिन नसलेलं विमान.

गेल्या ऑगस्टमध्ये तिच्याकडे गेले ते मनाशी ठरवूनच, की हा नाद आता पुरे कर म्हणून सांगायचं. तेव्हा तिच्या 'सिल्व्हर बॅज'चा शेवटचा टप्पा उरला होता. या आंतरराष्ट्रीय बॅजसाठी तीन गोष्टी लागतात: पाच तास हवेत राहणं, १००० मीटर उंची कमावणं आणि ५० किलोमीटर अंतर कापणं. मला वाटलं, पाच तासच कठीण.

"नाही गं आई. पाच तास आपल्या मैदानाच्या डोक्यावर फिरूनही होतात. पन्नास किलोमीटरसाठी घर सोडावं लागतं."

शिकाऊ ग्लायडर शांत हवेत १००० मीटरवरून साधारण ३० किलोमीटर जातं. म्हणजे वाटेत पुन्हा पुन्हा चढती हवा शोधायची. उन्हानं तापलेलं शेत, गावाची छपरं, सपाट बुडाचा पांढरा ढग, गिरक्या घेणारा पक्षी, या तिच्या खुणा. सापडली तर तिच्यातच गोल फिरत वर चढायचं. नाही सापडली, तर शेत बघून उतरायचं.

त्या दिवशी दीड वाजता विंचच्या लांब दोरानं तिचं ग्लायडर वर खेचलं आणि ती दिसेनाशी झाली. तीननंतर आभाळ भरून आलं, ऊन गेलं. मी मैदानावरच्या बाकावर फोन घट्ट धरून बसले. क्लबमधले एक आजोबा म्हणाले, "तुम्ही करू नका. उतरताना तिचं लक्ष शेताकडे हवं." जीव वरखाली होत होता, पण फोन केला नाही.

सव्वाचारला तिचाच आला. "आई, कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात आहे. मी ठीक आहे. ४२ किलोमीटर झाले."

लांबलचक ट्रेलर घेऊन आम्ही गेलो. शेतकरी तिच्याशी गप्पा मारत उभा होता. पंख सुटे करून ट्रेलरमध्ये ठेवले. एका पंखाचं टोक मीही धरलं. बॅज हुकला म्हणून मी समजूत घालायला लागले, तर ती म्हणाली, "चारशे मीटर उंची उरली तेव्हाच ठरवलं, आता पुढे नाही. आणखी एका ढगाच्या नादी लागले असते, तर हे शेत हातचं गेलं असतं."

लहानपणापासून मी तिला एकच सांगत आले होते, हातातलं काम अर्धवट सोडायचं नाही. वेळेवर सोडायला ती स्वतःच शिकली होती. 'पुरे कर' हे माझे शब्द तोंडातच राहिले.

यंदा मे महिन्यात तिचे ५० किलोमीटर पूर्ण झाले. आता गोल्ड बॅजसाठी ३०० चं बोलते आहे! त्या संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेल्या कुरडया गोळा करत होते. ती उडणार हे मला ठाऊक होतं, फोनही शेजारीच होता. तिचा येईपर्यंत मी केला नाही.