गोदामे येथे, यंत्र दूर

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली परिसरात गोदामांच्या रांगाच रांगा दिसतात. महानगराला लागणारा बराच माल येथून हलतो. कोणता खोका कोठे आहे याची नोंद मात्र बहुधा दूरच्या एखाद्या संगणकात, म्हणजे सर्व्हरमध्ये, असते. आणि जगातील बहुतेक सर्व्हर लिनक्स या प्रणालीवर चालतात. खोक्यावरील पट्टी स्कॅनरसमोर धरण्याचे काम स्थानिक तरुणाला मिळते. ती नोंद सांभाळणारे यंत्र चालविण्याचे काम त्याच्या वाट्याला सहसा येत नाही. हा प्रश्न बुद्धीचा नसून शिक्षणाचा आहे.

हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स जगापुढे ठेवले. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. अशा यंत्रापुढे कोणी जाऊन बसत नाही. आपल्या टेबलावरून ‘एसएसएच’ या सुरक्षित मार्गाने प्रवेश घ्यायचा आणि आज्ञा टंकित करायची. हा मार्गही फिनलंडमध्येच, विद्यापीठाच्या जाळ्यावरील परवलीचे शब्द चोरले गेल्यानंतर, १९९५ साली तयार झाला.

तेथे चित्रे नाहीत, माऊस नाही. ‘एलएस’ म्हटले की फायलींची यादी येते, ‘सीडी’ने एका कप्प्यातून दुसऱ्यात जाता येते. आज्ञा बरोबर असेल तर यंत्र बहुधा काहीच बोलत नाही. जुन्या कचेरीतील हेडक्लार्कची आठवण व्हावी! ‘आरएम’ने पुसलेली फाईल मात्र सहजी परत येत नाही. म्हणूनच कोणी वाचावे, कोणी लिहावे, याची मुभा प्रत्येक फायलीवर नोंदलेली असते. दूरच्या यंत्रावर चूक झाली, तर तिचा फटका त्यावर विसंबणाऱ्या सर्वांनाच बसतो.

हे सारे केवळ वहीत उतरवून येत नाही. परीक्षेत आज्ञांचे अर्थ लिहून गुण मिळतील, हात बसणार नाही. साधनांची सबबही टिकणारी नाही. लिनक्स विनामूल्य आहे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमात त्याचे पाठ मराठीतूनही ऐकता येतात. अडगळीतील एखादा जुना संगणक सर्व्हर म्हणून जोडावा आणि वर्गातील प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे. एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय १९७०च्या दशकातील युनिक्सपासून चालत आली आहे. भिवंडी तालुक्यातील महाविद्यालयांनी एवढे तरी या वर्षी करून पाहावे. पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी फायली पुसल्या जातील. त्या सरावापुरत्याच असाव्यात, एवढी काळजी शिक्षकांनी घ्यावी.