ऑक्टोबरच्या समुद्रावर जाताना

दिवाळीची सुट्टी आणि कंपनीचा बोनस एकाच सुमारास हातात पडतात. यंदा त्यांतून जहाजाची सफर करावी, असा बेत आमच्या निघोज्यातल्या दोन-तीन घरांत शिजतो आहे. (निघोजे म्हणजे चाकणजवळचे, खेड तालुक्यातले. रांजणखळग्यांचे निघोज ते पारनेरचे. हे आम्हाला दर वेळी सांगावे लागते.) पावसाळा ओसरला की मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा दोन ते पाच रात्रींच्या सफरी सुरू होतात. आम्ही शाळेत भूगोलाचा तास घेतो म्हणून की काय, प्रश्न आमच्याकडेच येतो: हवा कशी असेल आणि बॅगेत काय भरायचे?

एका घरात तर बॅग भरूनही झाली होती. मोबाइलवर सापडलेल्या यादीप्रमाणे तीत जाड जाकिटे, लोकरी टोप्या, हातमोजे. ती यादी खोटी नव्हती, पण अलास्का आणि कॅनडाच्या किनाऱ्यांची होती. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे पानगळ आणि थंडी. त्याच घरातल्या दादी तर वळकटी बांधायला सांगत होत्या. त्यांच्या लेखी जहाज म्हणजे मुंबईहून जेद्दाला जाणारे हजचे जहाज. ती जहाजे १९९५ साली बंद झाली, तरी त्यांच्या पिढीच्या मनात अजून चालतात. आपला ऑक्टोबर मात्र अलास्कासारखा नाही आणि निघोज्यासारखाही नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये दुपारी ऊन चटके देते, पण रात्री पारा विसापर्यंत उतरतो आणि पहाटे चादर अंगावर ओढावी लागते. जमीन लवकर तापते, तशीच लवकर निवते. पाणी तसे नाही. या दिवसांत मुंबई-गोव्यासमोरचा समुद्र २८-२९ अंशांवर असतो आणि रात्रीतून जेमतेम बदलतो. म्हणून डेकवर रात्री दोन वाजताही हवा उबदार, दमट आणि चिकट असते. घाम येतो, पण वाळत नाही. न्हाणीघरात वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच सापडतो. निघोज्याच्या अंगणात उभे राहून रात्रीचा अंदाज बांधणाऱ्याची बॅग इथे हमखास चुकते.

गरम कपडे लागतात ते आत. जेवणघर, नाटकाचे सभागृह, खोल्या सगळीकडे एसी जोरात. बाहेर तीस अंश आणि आत बावीस-तेवीस, असे दिवसातून दहादा आत-बाहेर होते. लहान मुले आणि म्हातारी माणसे सर्दीने धरतात ती इथे, समुद्राच्या वाऱ्याने नव्हे. माणशी एक पातळ स्वेटर किंवा शाल पुरे, पण ती खोलीत न ठेवता हातात ठेवावी. चष्मेवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट: एसीतून बाहेर पाऊल टाकताच काचांवर वाफ धरते. जिन्याच्या तोंडाशी दोन मिनिटे थांबून मगच उतरावे. मोबाइलच्या काचेवरही धुके येते. सूर्यास्ताचे फोटो त्यामुळे पांढरट येतात आणि लोक मोबाइलला दोष देतात.

आता बुरख्याचे. बहुतेकींचे अबाया पॉलिस्टरचे, काळे. कार्यक्रमाला छान दिसतात, पण दुपारच्या डेकवर ते अंगाला चिकटतात. दोन सुती किंवा मऊ रेयॉनचे, फिक्या रंगाचे, घोट्याच्या वर राहतील असे घ्यावे. लांब घेर जिन्यावर पायात येतो आणि वाऱ्यात तर येतोच. जहाज तासाला सोळा-सतरा नॉटने चालते, म्हणजे सुमारे तीस किलोमीटर. हवा अगदी पडलेली असली तरी डेकवर एवढा वारा जहाज स्वतःच तयार करते. दुचाकीवरून तळेगावला जाताना ओढणीचे जे होते तेच इथे होते. पिना जास्त घ्याव्या, सुळसुळीत ओढण्या घरी ठेवाव्या. पुरुषांच्या टोप्यांनाही नाडी हवी, नाहीतर टोपी समुद्राला भेट. छत्री डेकवर उघडूच नये. पातळ रेनकोट घडी करून ठेवावा. चपला रबरी तळाच्या असाव्यात, कारण पहाटे डेक दवाने आणि खाऱ्या तुषारांनी ओला असतो. फजरची नमाज उघड्यावर पढायची हौस असेल, तर जानमाजखाली अंथरायला प्लास्टिकचा तुकडा न्यावा. गोव्याकडे जाताना किबला साधारण जहाजाच्या उजव्या अंगाला असतो, परतताना डाव्या.

पावसाचे काय? हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मान्सून मुंबईतून निघण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. आधी ती सप्टेंबरअखेरची होती. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाणाऱ्याने पाऊस गृहीत धरूनच जावे. शेतकरी ज्याला हत्तीचा पाऊस म्हणतात, तो हस्त नक्षत्राचा पाऊस याच पंधरवड्यात येतो: दुपारी ढग, संध्याकाळी गडगडाट. त्याचा त्रास समुद्रापेक्षा घाटात अधिक. बोरघाटात धुके आणि पाऊस असला की गाड्यांची रांग लागते आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. आमचा सल्ला, बंदरावर पोचायची जी वेळ दिली असेल तिच्या तीन तास आधी मुंबईत असावे.

लाटांची भीती मात्र बरीच जुनी आहे आणि बरीचशी पावसाळ्यातली आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ती आषाढातली. ऑक्टोबरच्या मध्यापासून समुद्र पुष्कळ निवलेला असतो. तरीही एक सावधगिरी. पावसाळ्यानंतरचे महिने अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचेही असतात. २००९ मध्ये ११ नोव्हेंबरला 'फयान' कोकण किनाऱ्यावर आले. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत 'क्यार' समुद्रात घोंगावत होते आणि कोकणात पाऊस कोसळत होता. जहाज अशा वादळात शिरत नाही. मार्ग बदलते, मुक्काम गाळते किंवा निघतच नाही. लक्षद्वीपला तर मोठे जहाज दूर नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून बेटावर नेतात. तेवढ्या अंतरात पाणी खवळलेले असले, तर बेट लांबूनच पाहून परतावे लागते. पैसे भरण्याआधी या अटी वाचा. वर्षाचा बोनस त्यात जाणार असेल, तर मार्ग बदलल्यास किंवा फेरी रद्द झाल्यास काय परत मिळते, हे लेखी विचारा. एजंटाचे "काही होत नाही हो" पुरेसे नाही.

अंदाज बघायचा तर निघण्याच्या चार-पाच दिवस आधीपासून बघा, महिनाभर आधी नको. शहराचे तापमान सांगणाऱ्या ॲपपेक्षा हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज उपयोगी. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हटले असेल किंवा बंदरात तीन नंबरचा बावटा लागला असेल, तर फोन उचलून चौकशी करावी.

बोट लागणाऱ्यांनी खोली शक्यतो जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागावी, तिथे हेलकावा कमी. वरच्या मजल्यावरची पुढच्या टोकाची खोली महाग असते आणि डोलतेही जास्त. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, निघण्याआधी घ्यायची. आणि रक्तदाबाची, साखरेची किंवा काचबिंदूची औषधे चालू असतील, तर कोणती गोळी ते डॉक्टरांनाच विचारायचे. आलेपाक जवळ ठेवावा. पोट रिकामे ठेवू नये, तुडुंबही नको, जरी जेवण कितीही वेळा फुकट मिळत असले तरी. डोके गरगरले तर बंद खोलीत पडून न राहता बाहेर येऊन क्षितिजाकडे बघत बसावे.

त्या दादी जाणार आहेत. मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि खोलीत पोचायला कधी संध्याकाळ होते. म्हणून त्यांच्या सगळ्या दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, पाण्याची बाटली, शाल आणि एक सुती जोडी हातातल्या पिशवीत ठेवायला आम्ही सांगितले आहे. वळकटी घरीच राहील. हातमोजेही.