घरातला दूरध्वनी : गरज नेमकी कोणाची?

काही वर्षांपूर्वीपर्यंत शाळेच्या प्रवेशअर्जावर, बँकेच्या कागदांवर आणि लग्नपत्रिकेच्या तळाशीही ‘दूरध्वनी (निवास)’ असा उल्लेख हमखास असे. तो रकाना आजही अनेक अर्जांवर छापलेला आढळतो. मात्र अर्ज भरणारा तेथे क्षणभर थबकतो, एक आडवी रेघ ओढतो आणि पुढे सरकतो. खिशात मोबाइल असताना भिंतीला तारेने बांधलेल्या यंत्राचे प्रयोजन काय, असा प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबाने स्वतःला विचारला आणि बहुतेकांनी जोडणी परत करून त्याचे उत्तरही देऊन टाकले. हे उत्तर बरोबर आहे काय, आणि असल्यास सगळ्याच घरांच्या बाबतीत बरोबर आहे काय, याचा विचार मात्र फारसा झाला नाही. तो करण्याची वेळ अद्याप गेलेली नाही.

आरंभी थोडा पूर्वेतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ साली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे उलटली तरी दूरध्वनी ही सामान्य माणसाच्या घरातली वस्तू झाली नव्हती. १९९१ साली ८४ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात दूरध्वनी होते सुमारे ५० लाख. म्हणजे दीडशेहून अधिक माणसांमागे एक. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, किंवा ऐपत असेल तर जादा अनामत भरून ‘ओ. वाय. टी.’ योजनेत पुढचा क्रमांक मिळवायचा, एवढाच मार्ग होता. ज्यांच्या घरी यंत्र येई ते त्याला कुंकू लावत, त्यावर विणलेले आवरण घालत आणि बिलाच्या धास्तीने डायलला लहानसे कुलूपही लावत. ज्यांच्याकडे ते नसे त्यांच्या कार्डावर शेजाऱ्याचा क्रमांक आणि त्यापुढे ‘पी. पी.’ ही दोन अक्षरे असत. त्या दोन अक्षरांत शेजाऱ्याचा चांगुलपणा आणि आपला संकोच, दोन्ही सामावलेले होते.

या टंचाईचा शेवट अनपेक्षित दिशेने झाला. मागेल त्याला दूरध्वनी देण्याचे उद्दिष्ट १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने ठेवले. परंतु ३१ जुलै १९९५ रोजी देशात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले आणि दहा वर्षांच्या आत सारा हिशेबच बदलला. २००३ साली मोबाइलवर येणारे फोन निःशुल्क झाले. २००४ साली मोबाइलधारकांची संख्या तारेच्या दूरध्वनींहून अधिक झाली. तारेचे दूरध्वनी २००६ च्या सुमारास ५ कोटींवर पोहोचले आणि तेथून उतरणीला लागले. २०२० पर्यंत ते जवळजवळ २ कोटींवर आले. २०११ च्या जनगणनेतच केवळ मोबाइल असलेली कुटुंबे ५३ टक्के, तर तारेचा दूरध्वनी असलेली कुटुंबे, मोबाइलसह किंवा मोबाइलविना, सारी मिळून १० टक्के होती. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नव्वद टक्के घरांनी तारेचा दूरध्वनी सोडला असे म्हणता येणार नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे तो कधी आलाच नव्हता. निफाड-लासलगावकडच्या सामान्य कांदाउत्पादकाला बाजारभाव विचारण्याची सोय झाली ती मोबाइलमुळे. ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांनी हे सत्य दृष्टीआड करू नये.

एक जातो, दुसऱ्याला महाग पडते

तरीही या उतरणीचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. धान्य किंवा कापड यांसारख्या वस्तूंची उपयुक्तता शेजाऱ्याने ती घेतली की नाही यावर अवलंबून नसते. दूरध्वनीचे तसे नाही. जगात एकच दूरध्वनी असेल तर त्याची किंमत शून्य. जितकी माणसे जाळ्यात येतील तितका प्रत्येकाचा लाभ वाढतो. या जाळ्याला लागणारा खर्च मुख्यतः स्थिर स्वरूपाचा असतो. केंद्र, जमिनीखालची केबल, खांब, लाइनमन यांचा खर्च वस्तीत हजार ग्राहक असोत की दोनशे, फारसा घटत नाही. ग्राहक निघून जाऊ लागले की तो उरलेल्यांवर विभागला जातो, उत्पन्न घटते, दुरुस्तीवर काटकसर होते. रस्ता खोदताना तुटलेली केबल आठवडेच्या आठवडे तशीच राहते आणि ती वाट पाहून कंटाळलेला ग्राहकही जोडणी परत करतो. भारत संचार निगमची स्थापना १ ऑक्टोबर २००० रोजी झाली. पुढे याच निगमने २०१५ साली रात्रीचे आणि २०१६ साली रविवारचे फोन निःशुल्क केले, तरी गळती थांबली नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्त झाले. त्यांत तारांची खडान्‌खडा माहिती असलेली माणसेही होती.

अलीकडे चित्र थोडे पालटले आहे. २०२० नंतर तारेच्या जोडण्या पुन्हा वाढू लागल्या आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये जिओ ही खासगी कंपनी या क्षेत्रात भारत संचार निगमच्या पुढे गेली. पण ही मागणी बोलण्यासाठी नव्हती. मुलांचा अभ्यास, घरून काम, चित्रपट यांसाठी लोकांनी घरात प्रकाशतंतू घेतला आणि त्यासोबत दूरध्वनीची सोय बहुधा आपोआप आली. अनेक घरांत आज अशी स्थिती आहे की नळजोडणी झालेली आहे, पाणीही आलेले आहे, फक्त तोटी बसवलेली नाही. म्हणजेच घरात दूरध्वनी ठेवण्याचा खर्च आता त्या घरांपुरता एका साध्या यंत्राच्या किमतीएवढाच उरला आहे. तेव्हा ‘परवडत नाही’ हा मुद्दा बाजूला ठेवून ‘गरज आहे काय’ या मूळ प्रश्नाकडे वळता येईल.

वस्तू घराची की माणसाची?

तारेचा दूरध्वनी आणि मोबाइल यांच्यातला खरा भेद तारेचा नसून मालकीचा आहे. पहिला घराचा होता, दुसरा माणसाचा आहे. घराच्या दूरध्वनीवर कोणाचेही नाव कोरलेले नसे. आजीने उचलला काय, शाळेतून आलेल्या मुलाने उचलला काय, किंवा कामाला येणाऱ्या मावशींनी उचलला काय, घर उत्तर देई. मोबाइल कामावर जाणाऱ्यांच्या खिशातून बाहेर जातो आणि घर मुके होते. घरातल्या प्रत्येकाकडे स्वतंत्र मोबाइल असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे देशातील प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. उरलेल्या स्त्रियांना पतीचा, मुलाचा किंवा सासऱ्यांचा मोबाइल मागून वापरावा लागत होता, नाहीतर त्याविनाच चालवावे लागत होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बैठकीतला दूरध्वनी सर्वांचा होता हे खरे, पण त्यावर नजर घरच्या कर्त्याची असे. कॉलेजातल्या मुलीला मैत्रिणीशी बोलायचे तरी चार कान टवकारलेले असत. सुनेला माहेरी मनातले सांगायचे तर सासूबाईंसमोर सांगावे लागे. मोबाइलने या सर्वांना एक कोपरा दिला, आणि तो कोपरा काढून घ्यावा असे कोणताही समंजस माणूस म्हणणार नाही. सामायिक वस्तूत सोय असते तसा संकोचही असतो. म्हणून प्रश्न एकाच्या जागी दुसरे, असा मांडणे चुकीचे आहे. व्यक्तीची वस्तू आल्यावर घराची वस्तू काढून टाकताना कोण उघडे पडले, हे पाहिले पाहिजे.

उघडे पडले ते मुख्यतः वृद्ध. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील लोक सुमारे १० टक्के होते. हे प्रमाण आता त्याहून वाढलेले आहे. नाशिक हे तर निवृत्तांचे आवडते गाव. नोटांचा छापखाना, ओझरचा विमान कारखाना, सातपूर-अंबडचे उद्योग, सरकारी कचेऱ्या आणि शाळा-महाविद्यालये यांतून निवृत्त झालेली दांपत्ये गंगापूर रोडवर, इंदिरानगरात, सिडकोत, नाशिकरोडला राहतात आणि त्यांची मुले पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात असतात. त्यांच्याकडे मोबाइल असतो. परंतु तो चार्ज केलेला असावा लागतो, जवळ असावा लागतो, काचेवरची अक्षरे दिसावी लागतात आणि थरथरत्या बोटाने नेमक्या जागी स्पर्श करावा लागतो. शिवाय ‘येणारा फोन निःशुल्क’ ही गोष्टही आता पूर्णपणे खरी राहिलेली नाही. ठरावीक मुदतीत रिचार्ज केले नाही तर येणारे फोनही बंद होतात. ज्यांना केवळ बोलायचे आहे त्यांनाही इंटरनेटचे पैसे मोजावे लागत होते. त्यांच्यासाठी बोलण्यापुरती वेगळी योजना असावी, असा नियम करण्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाला २०२४ चा डिसेंबर उजाडावा लागला.

टेबलावरच्या यंत्राचा गुण असा की ते हरवत नाही. त्याची घंटा न्हाणीघरापर्यंत ऐकू जाते, बटणे मोठी असतात आणि रात्री अंधारातही हात सवयीने तेथे जातो. विम्याचा हप्ता भरताना आपण अपघात होईल अशी इच्छा धरीत नाही. तसेच हे आहे. वर्षातले ३६४ दिवस त्याचा उपयोग झाला नाही म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही.

वीज गेल्यावर काय?

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे, कारण ‘तारेचा दूरध्वनी म्हणजे हमखास चालणारा’ ही आपली समजूत जुन्या काळची आहे. तांब्याच्या तारेवरील यंत्राला लागणारी वीज दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांमधून त्याच तारेने येत असे. घरची वीज गेली तरी फोन चालू राही. प्रकाशतंतूतून वीज वाहत नाही. घरातल्या डबीला घरचीच वीज लागते. ती गेली आणि इन्व्हर्टर नसला की फोनही गेला. शिवाय जुनी व्यवस्थाही अभेद्य नव्हती. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरात मोबाइलबरोबरच तारेचे दूरध्वनीही मोठ्या प्रमाणावर बंद पडले होते.

या बाबतीत ब्रिटनचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे तांब्याच्या तारांवरील जुनी व्यवस्था २०२५ च्या अखेरीस बंद करण्याचे ठरले होते. परंतु एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातील संकटसूचक बटणे त्याच तारांवर चालतात, हे ध्यानात आल्यावर ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलावी लागली. वीज गेली असता दुर्बल ग्राहकाला किमान एक तास तरी तातडीचा फोन करता यावा आणि त्यासाठी लागणारे साधन त्याला विनामूल्य द्यावे, अशी अपेक्षा तेथील नियामकाने कंपन्यांकडून ठेवली आहे.

आपल्याकडेही असाच नियम करणे अशक्य नाही. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नाचा एक हिस्सा सार्वत्रिक सेवेच्या निधीसाठी घेतला जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले. दुर्गम भागात सेवा पोचवणे हे त्याचे काम आहेच. परंतु दुर्गमता केवळ पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातच असते असे नाही. तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहन नसलेल्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईंचे घरही दुर्गमच असते. अशा घरातील प्रकाशतंतूच्या जोडणीला लहान बॅटरी आणि साधे यंत्र देणे, आणि अशी जोडणी बिघडल्यास ती ठरावीक दिवसांत दुरुस्त करण्याचे बंधन घालणे, हा खर्च फार मोठा नाही.

तात्पर्य, घराला दूरध्वनी हवा की नको, याचे एकच उत्तर सर्वांना लागू करता येणार नाही. नवराबायको दोघेही नोकरीला आणि घराला दिवसभर कुलूप, अशा कुटुंबाने तो ठेवला नाही तर त्यात काही गैर नाही. परंतु ज्या घरात दिवसा एखादी वृद्ध व्यक्ती, आजारी माणूस, लहान मूल किंवा स्वतःचा मोबाइल नसलेली स्त्री मागे राहते, त्या घरात तो असावा. प्रकाशतंतू आधीच आलेला असेल तर केवळ यंत्र जोडावे, डबीला बॅटरीची सोय करावी आणि मुलांचे, डॉक्टरांचे व शेजाऱ्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून यंत्राशेजारी लावावेत. ही गरज घरातल्या कमावत्या माणसाने स्वतःवरून ठरवू नये. त्याच्या खिशात तर मोबाइल आहेच. जोडणी परत करण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी त्याने स्वतःला एवढेच विचारावे : दुपारी घरात कोण असते?