झाकण बसविण्यापूर्वी पंचनामा व्हावा

संपादक महाशय,

सिकंदराबादच्या कलासीगुडा वस्तीत २९ एप्रिल २०२३ रोजी सकाळी, पाऊस पडत असता, भावासह दूध आणावयास निघालेली एक बालिका उघड्या नाल्यात पडून मरण पावली आणि महापालिकेने दोघा कर्मचाऱ्यांना निलंबित केले. परंतु निलंबन ही खात्याची अंतर्गत कारवाई आहे, दोषनिश्चिती नव्हे, हा भेद अशा प्रत्येक प्रसंगी विसरला जातो, म्हणून हे पत्र.

कोणी दैवाला बोल लावतो, कोणी 'आईबापांनी पोर पाठविलेच कसे' असे विचारतो. पाण्याखाली गडप झालेला खड्डा थोरांनाही दिसत नाही. तेथे लेकराकडून सावधगिरीची अपेक्षा करणे मला अमानुष वाटते. तथापि हाती लागेल त्या कनिष्ठ कर्मचाऱ्यास गुन्हेगार ठरविणे हाही न्याय नव्हे. निष्काळजीपणाचे कृत्य हेच मृत्यूचे प्रत्यक्ष आणि निकटचे कारण असले पाहिजे, मध्ये दुसऱ्याच्या हलगर्जीपणाचा शिरकाव नसावा, हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाचे सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी १९०२ साली सांगितले, व फौजदारी न्यायालये आजही तेच मानतात. दिवाणी दाव्याची रीत निराळी. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळल्याच्या प्रकरणात, मनोरा नगरपालिकेच्या ताब्यात होता म्हणून खुलाशाचा भार तिच्यावरच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ठरविले. सार्वजनिक रस्त्यावरील उघड्या नाल्यास हाच न्याय का लागू नये?

फौजदारी खटल्यात मात्र नाल्यावरची लादी कोणी काढली, कोणाच्या हुकुमाने काढली, राखण कोणाकडे होती, हे सिद्ध करावे लागते. आणि पुरावा तर तासाभरात नव्या झाकणाखाली जातो. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७६ सांगते. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे सामान्यतः कमाल शिक्षा पाच वर्षांची, म्हणून ती सक्ती येथे नाही. उरतो तो पोलिसांचा पंचनामा. त्यात भगदाडाची लांबी-रुंदी, खोली, पाण्याची पातळी, अडथळा वा दिवा होता की नव्हता, हे मोजून नोंदले जावे, आणि कामाचा आदेश, ठेकेदाराचा करारनामा व तक्रारींचे रजिस्टर त्याच दिवशी जप्त व्हावे. त्या रजिस्टरातील एक जुनी नोंद धोक्याची पूर्वकल्पना सिद्ध करू शकते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतील उघड्या चेंबरात शेजाऱ्यांनी झाडाची फांदी खोचून ठेवली होती. दुर्घटना घडलीच असती, तर ती फांदीही पंचनाम्यात यावयास हवी होती, कारण धोका आधीपासून सर्वांना ठाऊक होता याची ती साक्ष होती.

पोलीस व महापालिका यांना माझी विनंती आहे की, मोजमापे आणि छायाचित्रे पुरी होईतो दुर्घटनेच्या जागी पक्का अडसर आणि पहारा ठेवावा, झाकण त्यानंतर बसवावे. वाचकांनीही उघड्या नाल्याची तक्रार लेखी द्यावी आणि तारखेची पोच घेऊन ती जपून ठेवावी.

आपला,
एक वाचक
नल्लकुंटा, हैदराबाद