जागल्यांचे संरक्षण : एका शहरात दोन न्याय

गैरप्रकाराची खबर देणाऱ्या कर्मचाऱ्याला, म्हणजेच जागल्याला, मिळणारे संरक्षण आरोपी केंद्राचा नोकर आहे की राज्याचा, यावर अवलंबून असावे काय? मध्य प्रदेशातील जबलपूरमध्ये हा प्रश्न ठळकपणे समोर येतो.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी रस्तेबांधणीतील भ्रष्टाचाराची माहिती पंतप्रधान कार्यालयाला कळवली होती आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. त्यानंतर एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने ठराव करून अशा तक्रारी स्वीकारण्याचे आणि तक्रारदाराची ओळख गुप्त राखण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवले. मात्र, हा ठराव केंद्र सरकार आणि त्याच्या अखत्यारीतील संस्थांपुरताच आहे.

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतील गैरव्यवहाराची तक्रार त्यामुळे आयोगाकडे जाऊ शकते. त्याच शहरातील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय राज्याचे आहे. तेथील तक्रार लोकायुक्तांकडे नेता येते. परंतु केंद्राच्या ठरावाचे कवच तेथे लागू होत नाही.

व्यापम घोटाळ्याने या त्रुटीचे गांभीर्य दाखवले. वैद्यकीय प्रवेश परीक्षेतील तोतयेगिरीचे हे प्रकरण २०१३ मध्ये उघडकीस आले. या महाविद्यालयाचे अधिष्ठाता डॉ. डी. के. साकल्ले यांचा ४ जुलै २०१४ रोजी भाजून मृत्यू झाला. त्यानंतर अधिष्ठाता झालेले डॉ. अरुण शर्मा ५ जुलै २०१५ रोजी दिल्लीतील हॉटेलात मृतावस्थेत आढळले. या मृत्यूंमागे घातपात असल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि, संशयाच्या वातावरणात कोणता कर्मचारी पुढे येईल, हा प्रश्न उरतोच. सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०१५ रोजी तपास सीबीआयकडे सोपवला आणि २०१७ मध्ये ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द ठरवले.

राज्यांच्या कर्मचाऱ्यांनाही कक्षेत घेणारा जागले संरक्षण कायदा २०१४ मध्येच संमत झाला. तक्रारदाराची ओळख उघड करणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र, तो अमलात आणणारी अधिसूचना अद्याप निघालेली नाही. तक्रारीच्या कक्षेतून अनेक विषय वगळणारे २०१५ चे दुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत झाले; पण २०१९ मध्ये ते व्यपगत झाले.

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २००५ मध्ये गैरवर्तनाची खबर देणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले आणि सूडाच्या कारवाईपासून संरक्षणाचे नियम केले. जानेवारी २००६ मध्ये नीतिमत्ता कार्यालयही सुरू झाले. या नियमांच्या परिणामकारकतेवर आक्षेप घेतले गेले आणि २०१७ मध्ये ते सुधारावे लागले. परंतु नियम लागू असल्यानेच त्यातील उणिवा दिसल्या आणि दुरुस्तीला वाव मिळाला. भारतातील कायद्याला ती कसोटीच मिळालेली नाही. तोपर्यंत जबलपूरमधील जागल्याला तोंड उघडण्यापूर्वी आरोपीचा पगार कोणत्या तिजोरीतून होतो, हे पाहावे लागेल.